कळ आल्यास कळ दाबावी

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे सध्या या कामाला मोकळे नाहीत. एक नवा बसवलाय आणि दुसरा त्यावरून रुसून बसलाय. तेव्हा उरलेल्या अंगांनी घातलेला हा नमस्कार पुरेपूर धरून घे.) तुझी तब्येत कशी आहे? झोप लागते का? बीपीची गोळी जेवणाआधी घेतेस ना, की अजून सगळ्या गोळ्या एकदम तोंडात टाकून "पोटात गेल्यावर त्यांचं त्या बघतील" असंच चाललंय? आम्ही इकडे ठीक. तुझी भावजय तुझी फार आठवण काढते. म्हणजे मी ऐकेनासा झालो की "वन्संना सांगते" असं म्हणते, आणि मी ऐकतो.

तू म्हणशील, एकाच गावात राहतो, फोन उशाशी असतो, मग याला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली? गेले काही रविवार तू फोन करतेस आणि मी उचलत नाही, म्हणून तू माझ्या नावानं खडे फोडत असणार, तेही मला ठाऊक आहे. पण ताई, माझा नाइलाज आहे. डॉक्टरांनी मला तुझा फोन बंद केलाय. लोकांना मीठ बंद करतात, साखर बंद करतात, मला तू बंद झालीस. का, ते ओघात येईलच. फक्त कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी जी खोड आहे ती या पत्राला लावू नकोस. मी एवढं सविस्तर लिहितोय ते क्रमानं वाच.

मुळात हे सगळं रामायण तुझ्यापायी झालं. रागावू नकोस, खरं तेच सांगतोय. तुझे दोन्ही गुडघे गेले. तू राहतेस तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. (उभा जन्म मी लोकांच्या इमारतींत लिफ्ट बसवल्या, बिघडल्या तर दुरुस्त केल्या, आणि सख्ख्या बहिणीच्या नशिबी जिना! यावर तू मला जे काही ऐकवायचं ते ऐकवून झालंय, तेव्हा पुढे जाऊ.) मागच्या उन्हाळ्यापासून तू खाली उतरलेली नाहीस. गॅलरीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडतेस, भाजीवाला तीत भाजी ठेवतो आणि तू वर ओढून घेतेस. त्या इमारतीतली तेवढी एकच लिफ्ट चालू आहे, आणि मिस्त्री म्हणून सांगतो, तुझी दोरीची गाठ चुकीची आहे. भाच्यानं तुला ऑपरेशन करून घे म्हणून किती विनवलं. तू ढिम्म. शेवटी डॉक्टरांनी मलाही गुडघा बदलायला सांगितला तेव्हा तू जाहीर केलंस की आधी धाकट्याचं होऊ दे, तो जर म्हणाला दुखत नाही तर मी करून घेईन, कारण त्याला खोटं बोलता येत नाही. भाचा माझ्याकडे आला, हात धरून म्हणाला, "मामा, आता सगळं तुमच्यावर आहे." झालं! म्हणजे तुझं घराबाहेर पडणं माझ्या गुडघ्यावर येऊन ठेपलं. त्या गुडघ्याला दुखायची मुभाच उरली नाही.

ऑपरेशनबद्दल मला काही सांगता येणार नाही, कारण मी हजर असून नव्हतो. हल्ली हॉस्पिटलात फार दिवस ठेवूनही घेत नाहीत. गुडघा बसवला, दोन चकरा मारून चालतोय का बघितलं, आणि नव्या फ्लॅटचा ताबा द्यावा तसा माझा ताबा तुझ्या भावजयीकडे दिला. सोबत एक खोका. त्यात एक पोटरीला बांधायची पट्टी होती, जिला माझी नाडी, घाम, हालचाल सगळं समजतं. एक टीव्हीशेजारी ठेवायचा बोलका डबा होता. आणि एक छोटी पांढरी चौकोनी वस्तू होती, मधोमध फुगीर. ती आम्ही एसीचा रिमोट समजून ड्रॉवरमध्ये ठेवली. (आमच्याकडे एसी नाही. पण तुझी भावजय म्हणाली, असू दे, पुढेमागे घेतला तर रिमोट तरी तयार असेल.) या सगळ्याची खबर कुठल्याशा दूरच्या शहरातल्या कचेरीत जाते. तिथे एक सिस्टर पडद्यासमोर बसलेली असते आणि पडद्यावर माझा पाय. परक्या बाईनं घरबसल्या आपल्या नवऱ्याचा पाय न्याहाळत बसावं हे तुझ्या भावजयीला अजिबात रुचलं नाही. बरेच दिवस ती पट्टीवर चादर पांघरून ठेवायची.

तो डबा बाईच्या आवाजात बोलतो आणि बोलतो ते इतकं शुद्ध की ऐकताना आपण सदरा इन केला पाहिजे असं वाटतं. सकाळी डोळा उघडतो तोच, "सुप्रभात, आदरणीय रुग्ण. आपल्या गुडघ्याने रात्र कशी व्यतीत केली?" म्हणून आम्ही तिचं नाव आदरणीय बाई ठेवलं. पहिल्याच दिवशी आदरणीय बाईंनी सूचना दिली, "कळ आल्यास कळ दाबावी. आम्ही पाहत आहोत." बस, एवढंच.

आता तूच सांग ताई, तू शाळेत भाषेत पहिली यायचीस. कळ येते, कळ जाते, कळ निघते, माणूस कळ सोसतो, आणि समोरच्या घरातली ती चष्मेवाली दोघांत कळ लावून देते. पण दाबतात ते बटण! वरचं बटण, खालचं बटण, धोक्याचं लाल बटण. बटणांत माझे केस पांढरे झाले, पण एकाही माणसानं कधी "मिस्त्री, तिसऱ्या मजल्याची कळ अडकली हो" अशी तक्रार केली नाही. मग मी सरळ मराठी माणसासारखा अर्थ घेतला. कळ आली की दाबायची. आतल्या आत. बाहेर फुटू द्यायची नाही. आणि वर ती धमकी होतीच की आम्ही पाहत आहोत.

पहिली कळ आली तेव्हा मी टॉवेल दातांत धरला आणि कपाटाची मूठ घट्ट पकडली. कळ दाबली गेली, पण मूठ हातात आली. दुसऱ्या खेपेला लिफ्टमधली पाटी म्हणायला लागलो: दार नीट लावा, जादा माणसं घेऊ नका, आग लागल्यास जिना वापरा. "जिना" म्हणताना आवाज फुटायचा, म्हणून ते गाळलं. तुझी भावजय बिचारी जीव तोडून मदत करायची. माझे खांदे धरून उभी राहायची आणि म्हणायची, "दाबा, दाबा, अजून थोडी राहिलीय, झालंच आता." एकदा हा गजर ऐकून शेजारच्या काकू गरम पाण्याचं पातेलं आणि जुनी लुगडी घेऊन धावत आल्या. घरात मी एकटाच आडवा असलेला बघून त्या कितीतरी वेळ दारातच उभ्या होत्या. शेवटी तुझ्या भावजयीनं त्या पाण्याचा चहा केला.

तिकडे त्या दूरच्या कचेरीत काय चाललं होतं ते ऐक. मी कळ दाबली की माझी नाडी उधळायची, अंगाला दरदरून घाम सुटायचा, आणि पट्टी ते सगळं इमानेइतबारे कळवायची. पण दुखल्याची नोंद शून्य. मग आदरणीय बाईंनी स्वतःचं डोकं चालवलं. एके सकाळी मी न्हाणीघरात स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी काढत असताना बाहेरून आवाज आला, "आदरणीय रुग्ण, आपण धावत आहात. अभिनंदन." दुपारी कूस बदलली तर "आपण टेकडी चढत आहात." आणि संध्याकाळी पायमोजा घालायचा प्रयत्न केला तेव्हा तिनं कमालच केली. "आपण नृत्य करत आहात. आपला जोडीदार उपस्थित आहे काय?" तुझी भावजय घाईघाईनं आत गेली. दुसऱ्या दिवशी खुद्द दूरच्या सिस्टरचा फोन. आवाज इतका गोड की काय सांगू! म्हणाली, काका, वेदना शून्य आणि एवढा व्यायाम, तुमच्यासारखा पेशंट आम्ही पाहिला नाही, पण जरा बेतानं घ्या. ताई, मी पाघळलो. शाळेत माझं कुणी कधी कौतुक केलं नाही, सगळं तुझ्याच वाट्याला गेलं. म्हातारपणी कुणीतरी म्हणालं की तुझ्यासारखा तूच. मला त्या शून्याची चटक लागली. पुढे कळ आली की ती दुखते यापेक्षा माझं शून्य जाईल याचीच धास्ती वाटायची. आणि तुला सांगायलाही बरं की बघ, मशीनसुद्धा म्हणतंय.

पण एवढ्यावर थांबलं असतं तर मी पत्र कशाला लिहिलं असतं? त्यांनी मला इतर पेशंटांना मार्गदर्शन करायला बसवलं. व्हिडिओवर. पडद्यावर छोटे छोटे चौकोन, प्रत्येक चौकोनात एकेक सुजलेला माणूस, आणि वरच्या बाजूला ती दूरची सिस्टर. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता (खाली टॉवेल, पण तो दिसत नव्हता). सिस्टरनं ओळख करून दिली की हे आपले वेदनामुक्त काका. एका टकल्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही नक्की करता तरी काय? मी म्हटलं, दाबतो. ते म्हणाले, आम्हीही दाबतो. मी म्हटलं, अगदी आली रे आली की दाबायची, रेंगाळायचं नाही. सगळ्या चौकोनांनी माना डोलावल्या. एका बाईंनी विचारलं की दाबल्यावर तुम्हाला किती वेळानं बरं वाटतं? मी म्हटलं, बरं कसलं वाटतंय, आवाज बाहेर जात नाही एवढंच. यावर चौकोन जरा चुळबुळले. बाई म्हणाल्या, जोरात दाबता का? मी म्हटलं, जोरात म्हणजे? माझ्या कपाटाची मूठ उपटली गेलीय. तेवढ्यात खरोखरच एक सणसणीत कळ आली, आणि प्रात्यक्षिकाची ही संधी सोडायची नाही म्हणून मी पडद्यासमोरच ती दाबून दाखवली. चेहरा कसा झाला ते मला दिसलं नाही, पण दोन चौकोन लगेच काळे झाले.

सिस्टर म्हणाली, काका, तुम्ही आता काय केलंत? म्हटलं, कळ दाबली. ती म्हणाली, पण इथे तर दिसली नाही. मी म्हटलं, अहो, दिसू दिली नाही म्हणजेच दाबली ना! मग ती पडद्याच्या अगदी जवळ आली. नंतर अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, काका, खोक्यातलं ते पांढरं बटण कुठे आहे? तुझ्या भावजयीनं मागून सांगितलं, एसीचं ना? ड्रॉवरमध्ये आहे, आम्ही अजून एसी घेतला नाही. ताई, त्या सगळ्या लोकांसमोर माझं जे हसं झालं म्हणतेस! टकल्या गृहस्थांना हसता हसता कळ आली, आणि त्यांनी समोर ठेवलेलं बटण टक्कन दाबलं, तेव्हा मला उलगडा झाला. ते दाबलं की तिकडे दिवा लागतो, सिस्टर लगेच फोन करते, कुठे दुखतंय, कसं दुखतंय विचारते, आणि कुठली जादा गोळी घ्यायची, बर्फ कुठे ठेवायचा ते सांगते. एवढे दिवस त्या जादा गोळ्या डबीत तशाच पडून होत्या आणि मी पाटी म्हणत होतो. कपाळ माझं!

तेव्हापासून मी बटण दाबतो. एकदाच दाबतो आणि वाट बघतो. (लिफ्टसमोर उभं राहून टकटकटक बटण बडवणाऱ्या लोकांचा मला जन्मभर तिटकारा आहे.) गाडी रुळावर आली. मग मागच्या महिन्यातल्या तपासणीला डॉक्टरांनी त्यांच्या पडद्यावर माझा आलेख दाखवला. सगळा आठवडा सपाट मैदान, आणि दर रविवारी सकाळी एक डोंगर. डॉक्टर म्हणाले, रविवारी सकाळी काय होतं? मी खरं ते सांगितलं, की मोठ्या सिस्टरचा फोन येतो. डॉक्टरांचा चेहरा एकदम गंभीर. त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, काय बोलतात त्या? मी म्हटलं, दरडावतात. का चालला नाहीस, का बसून आहेस, जेवलास का नीट. लहानपणापासूनच तसा स्वभाव आहे. (यावर त्यांना शंका यायला हवी होती. नाही आली.) झालं, त्या दूरच्या कचेरीतल्या मुख्य सिस्टरबाईंची चौकशी लागली! त्या शपथेवर सांगत होत्या की रविवारी मी पोहायला जाते, मी कुणाला फोन करत नाही. तरी वर मला त्यांचा निरोप आला की माझ्या बोलण्यानं आपल्या गुडघ्यास क्लेश झाले असल्यास क्षमस्व. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत, म्हणजे काठी टेकत, डॉक्टरांकडे गेलो आणि खुलासा केला की हॉस्पिटलची नव्हे हो, माझी स्वतःची सिस्टर, आमची ताई. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी औषधांच्या कागदावर एक ओळ वाढवली. बर्फ चालू, व्यायाम चालू, ताई बंद.

तर सांगायचा मुद्दा असा की यंत्र उत्तम आहे, सिस्टर मायाळू आहे, आणि दुखत तर अजिबात नाही. तू बिनघोर करून घे. भाच्याला आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक (रविवार सोडून),
धाकटा

ता.क. वरचं सगळं तुझ्या भावजयीनं वाचलं. वाचून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, वन्संना शेवटची ओळ अशी पाठवणार असाल तर माझा हात या पत्राला लागणार नाही. तेव्हा शेवटची ओळ दुरुस्त करतो. ताई, दुखतं. खूप दुखतं. तो रविवारचा डोंगर तुझ्या ओरडण्यानं होत नाही. तू फोनवर शेवटी आवाज खाली आणून विचारतेस ना, "दुखत नाही ना रे?" आणि मी म्हणतो, "छे, अजिबात नाही," तेव्हा तो होतो. तू ऑपरेशनला नाही म्हणशील या भीतीनं मी दात आवळून हसायचो, आणि ती पट्टी तेवढी सगळं बघत होती. आता मात्र फरक आहे हेही खरंच सांगतो. पूर्वी दुखणं मुक्कामाला असायचं, आता ते येतं आणि जातं. काल मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन ब्लेड घेऊन आलो. कुणी बरोबर नव्हतं.

ता.क. दुसरं. तू घाबरतेस त्यात काही चूक नाही. मीसुद्धा जाम घाबरलो होतो, टेबलावर घेतलं तेव्हा डॉक्टरांचा हातच सोडेना. पण तू गॅलरीतून टोपली सोडताना खालून बघतो ना, ते मला बघवत नाही. मला तू खाली हवी आहेस. माझ्याबरोबर बागेच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायला मला दुसरं कुणी चालत नाही. भाच्यानं डॉक्टरांची वेळ घेतलीय. कापायची नव्हे, नुसती दाखवायची. आजची आहे.

ता.क. तिसरं. (अक्षर वाईट आहे, कागद मांडीवर ठेवून पेन्सिलीनं लिहितोय.) हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल, कारण ते घेऊन आलेली तुझी भावजय एव्हाना तुझ्या दारात ताटकळली असेल. तिला आत घे, पाणी दे. मी तुझ्याच इमारतीत आहे. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या पायरीवर बसलोय. डॉक्टरांनी जिने चढायला हरकत नाही म्हटलंय. किती, ते मी मुद्दाम विचारलं नाही. आत्ताच दूरच्या सिस्टरचा फोन येऊन गेला, काका, नाडी फार पळतेय, कुठे आहात? म्हटलं, सिस्टरकडे. वरचा मजला मला झेपेलसं वाटत नाही, आणि झेपला तरी मी चढणार नाही. दोन मी चढलोय, एक तू उतर. भाचा गाडी घेऊन खाली थांबलाय. बाकीचे दोन आपण मिळून उतरू. कठडा तुझ्या डाव्या हाताला येईल, तो धर. सावकाश ये, मी बसलोय.